पुण्याचा प्लेग आणि उंदराची साक्ष

पिंपरीच्या संत तुकाराम नगराहून चिंचवडचा चापेकर वाडा फार दूर नाहीं. त्या वाड्याविषयीं लिहिणारे बहुधा २२ जून १८९७ ची रात्र, गणेशखिंडीचा रस्ता व रँडसाहेब एवढ्यावर थांबतात. ज्या रोगामुळें हें घडलें त्याच्या संशोधनाकडे लक्ष क्वचितच जातें, म्हणून हें टिपण.

१८९७ च्या मार्चांत गोऱ्या शिपायांनीं पुण्यांत घरझडती आरंभिली. रोगी रुग्णालयांत, सोबती छावणींत, चीजवस्तु पुष्कळदां अग्नींत; देवघरेंहि सुटलीं नाहींत. तपासाचा सारा रोख माणसांवर होता.

वस्तुतः उंदराची साक्ष जुनी आहे. आग्र्याच्या १६१८-१९ मधील मरीविषयीं जहांगीर बादशहाच्या आत्मचरित्रांत असें आहे कीं, झिंगलेला उंदीर सैरावैरा धांवूं लागला, मांजरीनें त्यास धरून सोडलें, मांजर आजारी पडली व मागाहून घरांतील दासीस रोग झाला. गढवाल-कुमाऊंकडील लोक तर उंदीर मरूं लागतांच गांव सोडीत. चरकाचा जनपदोद्ध्वंसनीय अध्याय मात्र वायु, उदक, देश व काल यांसच दोष देतो. सुश्रुताच्या मूषिककल्पांत ‘ग्रंथि’ शब्द पाहून कित्येक तेथें प्लेग वाचतात. तें आम्हांस पटत नाहीं. तो विषाचा प्रकार आहे, साथीचा नव्हे.

पुढचा दुवा लष्करी वैद्यांनीं जोडला. फ्रेंच वसाहती सैन्याचा वैद्य पॉल-लुई सीमों यानें २ जून १८९८ रोजीं कराचीस रोगी व निरोगी उंदीर जाळीच्या आडपडद्यानें वेगळे ठेवले. स्पर्श नसतांहि पिसवांच्या द्वारें निरोगी उंदरास प्लेग झाला. दामोदरपंत चापेकरांस फांशी होऊन तेव्हां पुरते दोन महिनेहि झाले नव्हते! सीमोंच्या म्हणण्यास प्रथम फारसें कोणी मानलें नाहीं. पुढें मुंबईस इंडियन मेडिकल सर्व्हिसचे कॅप्टन ग्लेन लिस्टन यांनीं उंदीर मेलेल्या जागीं गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा धरल्या, आणि १९०५ मध्यें नेमलेल्या प्लेग संशोधन मंडळानें परळच्या प्रयोगशाळेंत ही गोष्ट निःसंशय ठरविली.

१९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. त्याच्या पहिल्या औषधाचा, पेनिसिलिनचा, प्लेगवर उपयोग नाहीं. तेथेंच मागाहून निघालेलें स्ट्रेप्टोमायसीन मात्र गुणकारी आहे.

पुण्याकडील लोकांनीं १८९७ मध्यें मेलेले उंदीर पाहून घरें सोडलीं काय, हा प्रश्न सरकारी दप्तरांपेक्षां खाजगी रोजनिशांतून व जमाखर्चांच्या वह्यांतून सुटण्याजोगा आहे. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं माघ ते ज्येष्ठ, शके १८१८-१९, हीं पानें या दृष्टीनें चाळावीं व आढळेल तो मजकूर तिथीसह मंडळाकडे धाडावा.