मॉट स्ट्रीटवरचे बिनबायकांचे बिऱ्हाड



कादंबरीवर बोलण्याचा अधिकार प्राध्यापक मंडळींचा. माझे शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे सारे युनियनच्या कचेरीत, संपाच्या मंडपात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा आज ज्या पुस्तकाविषयी बोलायचे आहे, त्याच्या कलागुणांची चर्चा मी करणार नाही. ते वाचताना मला एका कायद्याचा इतिहास सापडला, आणि त्याचा माग काढीत गेलो तो शेवटी आपल्याच चळवळीच्या दारात येऊन उभा राहिलो. तेवढेच सांगतो.

पुस्तकाचे नाव ‘ईट अ बोल ऑफ टी’, म्हणजे ‘वाडगाभर चहा घे’. लेखक लुई चू. दक्षिण चीनमधल्या ताइशान भागात १९१५ साली जन्मलेला हा गृहस्थ लहानपणीच अमेरिकेत आला आणि पुढे न्यूयॉर्कच्या चिनी वस्तीत समाजकार्य करीत राहिला. कादंबरी १९६१ साली निघाली. तेव्हा तिची फारशी कोणी दखल घेतली नाही. १९७० साली लेखक वारला. १९७९ साली एका विद्यापीठाने ती पुन्हा छापली, तेव्हा कोठे लोकांना कळले की आपल्या हातून काय निसटले होते.

कथा थोडक्यात अशी. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले आहे. मॉट स्ट्रीटवर एका तळघरात वांग वा गे नावाचा म्हातारा माजाँगचा अड्डा चालवतो. येणारे सगळे त्याच्यासारखेच : साठीला टेकलेले, लाँड्रीत इस्त्री फिरवून किंवा हॉटेलात बश्या धुऊन आयुष्य काढलेले, बायको गावी. वा गेने आपल्या बायकोचे तोंड वीस वर्षांवर पाहिलेले नाही. त्याचा मित्र ली गाँग याची तीच गत. दोघे ठरवतात की वा गेचा मुलगा बेन लॉय आणि ली गाँगची गावाकडची मुलगी मे ओय यांचे लग्न लावायचे. बेन लॉय सैन्यात होता, म्हणून आता त्याला चीनमधून बायको आणता येते. तो गावी जाऊन लग्न करून येतो. पण न्यूयॉर्कमध्ये पाय ठेवताच त्याचा पुरुषार्थ त्याला सोडून जातो. मे ओय एकटी पडते, आ साँग नावाच्या एका छंदीफंदी माणसाच्या नादी लागते, तिला दिवस जातात. साऱ्या तळघरांत कुजबूज सुरू होते. अब्रू गेलेला सासरा सुरी घेऊन आ साँगचा एक कान कापतो.

गोष्ट विनोदी ढंगाने सांगितली आहे. म्हातारे एकमेकांना ज्या शिव्या देतात त्या ऐकून आपल्या लालबागच्या जुन्या खोल्यांची आठवण यावी. हसता हसता मात्र प्रश्न पडतो : एवढे म्हातारे, आणि बायका कोठे आहेत? एका नवऱ्या मुलीच्या येण्याने साऱ्या वस्तीला घाम का फुटावा?

याचे उत्तर कादंबरीत सरळ दिलेले नाही. ते कायद्यांच्या पुस्तकात आहे. १८७५ साली अमेरिकेने वेश्याव्यवसायाचे निमित्त करून चिनी स्त्रियांच्या येण्यावर पहारा बसवला. १८८२ साली चिनी मजुरांनाच बंदी झाली, आधी दहा वर्षांपुरती, मग आणखी दहा, आणि १९०४ पासून बेमुदत. मजुराची बायको ही कायद्याने मजूरच, सबब तिलाही बंदी, असा निकाल १८८४ साली एका न्यायालयाने दिला. व्यापाऱ्याला मुभा होती; तो बायको आणू शके. म्हणजे संसार करण्याचा हक्क भांडवल पाहून मिळत होता. १८९० च्या खानेसुमारीत त्या देशात चिनी पुरुष १,०३,६२० आणि स्त्रिया ३,८६८ निघाल्या. सत्तावीस पुरुषांमागे एक बाई!

माणूस कायद्याला फटी शोधतोच. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोला भूकंप झाला, मागोमाग आग लागली आणि जन्माची दप्तरे जळाली. मग कित्येकांनी सांगितले की आमचा जन्म इथलाच. आणि जन्म इथला तर नागरिकत्व इथले, हे सर्वोच्च न्यायालयाने १८९८ सालीच मान्य केले होते. नागरिकाच्या मुलाला येता येई. तेव्हा गावाकडे कागदावरचे मुलगे विकत मिळू लागले. दुसऱ्याचे आडनाव, दुसऱ्याचा बाप. बंदरातल्या एंजल बेटावर अधिकारी उलटतपासणी घेत : तुमच्या घराला पायऱ्या किती, विहीर कोणत्या दिशेला? पोरे पाठ करून येत. १९२४ साली आणखी एक कायदा आला आणि नागरिक असलेल्या चिन्यालाही गावाहून बायको आणणे बंद झाले. मॉट स्ट्रीटवरच्या म्हाताऱ्यांचे आयुष्य या कायद्यांच्या जात्यात दळले गेले. मालाला हात हवे होते, माणसाला घर असलेले चालत नव्हते.

आता मी अडखळतो ती जागा. हे कायदे मागितले कोणी?

मालकांना चिनी मजूर हवेच होते. सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचा सिएरा पर्वतातला मार्ग दहा हजारांवर चिनी मजुरांनी खोदला. जून १८६७ मध्ये त्यांपैकी सुमारे तीन हजारांनी काम थांबवले. मागणी काय, तर गोऱ्यांइतके म्हणजे महिना चाळीस डॉलर, आणि कमी तास. कंपनीने शिधा रोखला. डोंगरात उपाशी किती दिवस बसणार? आठवड्याभरात संप मोडला. गोरे मजूर त्यांच्या बाजूने उभे राहिले नाहीत. संप करण्याची अक्कल चिन्याला नाही, असे पुढे मजूर पुढारीच सांगत फिरले, तेव्हा हा संप त्यांच्या डोळ्यांसमोर घडून दहा वर्षेच झाली होती.

१८७७ साली सॅन फ्रान्सिस्कोत कामगारांचा पक्ष निघाला. त्याचा पुढारी डेनिस कर्नी प्रत्येक भाषणात चिन्यांना हाकला असे म्हणे. तिथल्या चिरूट वळणाऱ्यांच्या संघटनेने डब्यांवर पांढरी पट्टी चिकटवायला सुरुवात केली, हा माल गोऱ्या हातांचा हे कळावे म्हणून. युनियनचा शिक्का ज्याला आपण अभिमानाने म्हणतो, त्याच्या जन्मकथेत ही पट्टी आहे. १८८५ साली वायोमिंगमधील रॉक स्प्रिंग्ज येथे गोऱ्या खाणकामगारांनी अठ्ठावीस चिनी खाणकामगारांना ठार मारले. आणि अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरचे सॅम्युएल गाँपर्स, ज्यांचे नाव मी तरुणपणी आदराने घेत असे, ते अखेरपर्यंत या बंदीचे पुरस्कर्ते राहिले. कारखान्यांचे दरवाजे बंद झाले म्हणून चिनी माणूस लाँड्रीत आणि भटारखान्यात शिरला. त्याला त्या कामाची जन्मजात आवड होती असे नव्हे.

आपण हसण्याचे कारण नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता, कारण कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना तो विटाळ वाटे. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा त्यांची तोंडे पाहण्यासारखी झाली असणार. आणि एक माझे स्वतःचे. बरीच वर्षे झाली. एका कारखान्यात कायम कामगारांनी मला बजावले की बाहेरून आलेल्या कंत्राटी पोरांना सभासद करू नका, आमचा बोनस कापला जाईल. मी मान डोलावली. ती पोरे पत्र्याच्या एका शेडमध्ये पाळीपाळीने झोपत. त्यांच्यातल्या एकाचेही नाव आज मला आठवत नाही.

माझे वडीलही असेच झोपत. राजापूर तालुक्यातून गिरणीत आलेले, गावकीच्या खोलीत वीस जण, एकाची वळकटी उठली की दुसऱ्याची पसरायची, जेवण खानावळीत. आई गावी, आणि महिन्याची मनिऑर्डर. पण शिमग्याला वडील घरी येत, आणि पुढे खोली मिळाली तेव्हा आईला घेऊन आले. दारिद्र्याने ताटातूट केली होती. ती मिटवायला कोणाची परवानगी लागली नाही. वा गेला ती लागत होती, म्हणून दोन्ही गोष्टी एकच आहेत असे मी म्हणणार नाही.

त्या लोकांनी संघटना केली नाही असे मात्र समजू नका. १९३३ साली न्यूयॉर्क शहराने एकट्यादुकट्याच्या लाँड्रीवर पंचवीस डॉलर परवाना आणि हजार डॉलरचा जामीन लादायचे ठरवले. वस्तीतली जुनी व्यापारी सभा फी घेण्यापलीकडे हलेना. तेव्हा इस्त्रीवाल्यांनी स्वतःची संघटना काढली, वकील दिला, आणि परवाना दहावर व जामीन शंभरावर आणला. मला वाटते, चूच्या कादंबरीत या माणसांना जागा मिळायला हवी होती. त्याचे म्हातारे फार पत्ते पिसतात.

मग महायुद्ध आले, चीन दोस्त झाला. डिसेंबर १९४३ मध्ये बंदी उठली आणि साऱ्या जगातल्या चिन्यांसाठी मिळून वर्षाला १०५ जागा ठेवल्या गेल्या. कान ओढून कवडी द्यावी तसा हा प्रकार. खरी वाट उघडली ती १९४५ च्या सैनिकपत्नींच्या कायद्याने आणि १९४६ साली नागरिकांच्या चिनी बायकांना त्या १०५ च्या बाहेर काढले तेव्हा. मे ओय आली ती याच वाटेने. साठ वर्षे बायका नसलेल्या वस्तीत ती उतरली, आणि तिच्याकडे सगळे पाहत राहिले. तिच्या चुकीवर पानेच्या पाने बोलणारे म्हातारे वाचताना मला राहून राहून वाटले की संसार कसा करतात हे बेन लॉयला दाखवणार कोण होते? बाप तळघरात, आई सात समुद्रांपलीकडे.

शेवटी वस्तीचे वडीलधारे मिळून आ साँगला गावाबाहेर घालवतात. दोन्ही सासरे लाजेने न्यूयॉर्क सोडतात. तरुण जोडपे सॅन फ्रान्सिस्कोला जाते. तेथे एक वैद्य बेन लॉयला काढा देतो. कडू, वाडग्याने प्यायचा. तो रोज नाक मुरडून पितो. मुलगा दुसऱ्याचा आहे हे त्याला ठाऊक आहे आणि तो त्याला आपला म्हणतो. नवरा-बायको बसून बोलतात : बाळाचे केस कापण्याचा सोहळा करायचा, तर दोन्ही आजोबांना बोलावणे पाठवावे.