भूमिका-खेळांतील नवी कथाविश्वे : स्थळ आणि गणित

संगणकावरील भूमिका-खेळांचा विषय निघाला की 'यापुढील खेळ कोठे घडावेत' हा प्रश्न बहुधा स्थळांच्या यादीच्या रूपाने पुढे येतो. बुटके, राक्षस, जादूगार आणि तलवारी यांनी गजबजलेले कल्पित मध्ययुगीन युरोप आता पुरे झाले; त्याऐवजी आफ्रिकेतील प्राचीन राज्ये घ्यावीत, अँडीज पर्वत घ्यावा, समुद्रतळ घ्यावा, अशा सूचना होतात. या सूचनांमागील कंटाळा खरा आहे. तथापि या खेळप्रकाराचा अर्धशतकाचा इतिहास तपासला असता असे दिसून येते की, जे शिळे झाले आहे ते स्थळाखाली दडलेले गणित होय. ते तसेच ठेवून केलेला स्थळपालट म्हणजे नाटक मंडळीने जुनाच खेळ नव्या पडद्यापुढे लावण्यासारखे आहे.

भूमिका-खेळ म्हणजे ज्यात खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो, त्या पात्राचे गुण अंकांनी दर्शविलेले असतात आणि खेळ जसजसा पुढे सरकतो तसतसे ते अंक पालटतात, असा खेळ. या व्याख्येतील कळीचा भाग अंकांचा आहे. माणसाचे कोणते गुण मोजावयाचे आणि कोणते मोजावयाचे नाहीत हे एकदा ठरले, की त्या कथाविश्वात कोणत्या प्रकारचे जीवन संभवते हेही ठरून जाते. भाषेत व्याकरणाचे जे स्थान, तेच येथे या गणिताचे.

विशेष म्हणजे या परंपरेच्या उगमाशी ना राक्षस होते ना जादू. १९६९ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली याने आपल्या मित्रमंडळासाठी नेपोलियनच्या काळातील एक युद्धखेळ मांडला. ब्राउनस्टाइन या कल्पित जर्मन शहराभोवती तो रचलेला होता. सेनापतींच्या जोडीला शहराचा नगराध्यक्ष, विद्यापीठाचा कुलपती अशा भूमिकाही त्याने एकेका खेळाडूस वाटून दिल्या. प्रत्येकाचे हेतू निराळे असल्यामुळे खेळाडू ठरल्या डावापेक्षा आपसांतील कारस्थानांतच अधिक रमले. नाट्य, मुत्सद्देगिरी आणि कुजबूज यांतून निर्माण झालेला हा प्रकार पुढे तलवारीच्या हाती कसा गेला, हा खरा ऐतिहासिक प्रश्न होय.

त्याचे उत्तर त्याच मंडळातील डेव्ह आर्नेसन याच्या 'ब्लॅकमूर' या खेळात सापडते. आर्नेसनने कथाविश्व मध्ययुगीन आणि अद्भुत केले व खेळाडूंना भुयारांत उतरविले. पात्र एका घावात न मरता त्याच्या आघातसहनाचे काही अंक असावेत ही कल्पना आपण अमेरिकन यादवी युद्धातील चिलखती जहाजांच्या युद्धखेळातून घेतली, असे त्याने पुढे सांगितले. म्हणजे पुढे जगभर रूढ झालेले जे 'प्राणांक', ते मुळात माणसाचे नसून जहाजाचे! जहाज शेवटचा फटका बसेपर्यंत पूर्ण शक्तीने झुंजते आणि मग एकाएकी बुडते. भूमिका-खेळांतील योद्धा आजही बहुधा तसाच लढतो व तसाच पडतो. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध झाला, तेव्हा या अंकांस अनुभवांकांची जोड मिळाली. राक्षस मारणे आणि भुयारातून धन वर आणणे हे ते मिळविण्याचे मार्ग. अनुभव या शब्दाचा इतका अरुंद अर्थ क्वचितच कोणी केला असेल.

पुढच्याच वर्षी हा प्रकार संगणकावर आला. इलिनॉय विद्यापीठातील 'प्लेटो' ही यंत्रणा अध्यापनासाठी उभारलेली होती. तीवर १९७५ साली 'पेडिट५' नावाचा एक भुयारी खेळ तयार झाला. नाव असे रूक्ष असल्यामुळे ती एखाद्या पाठाची साधी फाइल वाटे. तरीही ती चालकांच्या नजरेतून सुटली नाही आणि पुसून टाकली गेली. संगणकाने ब्राउनस्टाइनऐवजी भुयारच का उचलले, हे समजण्यास अवघड नाही. भुयारास भिंती असतात, वाटा मोजक्या असतात, आणि मारामारी ही बेरीज-वजाबाकीत बसते. नगराध्यक्ष आणि कुलपती यांच्यातील कुजबूज त्या यंत्रास कळणारी नव्हती. टेबलावरच्या खेळात ही उणीव सूत्रधाराची भूमिका करणारा माणूस भरून काढीत असे. संगणकावर सूत्रधार गेला आणि गणित तेवढे उरले. १९८१ सालच्या 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' यांनी ते घरोघरच्या संगणकांवर पोहोचविले. जपानमध्ये त्यांवरून स्फूर्ती घेऊन युजी होरी याने १९८६ साली 'ड्रॅगन क्वेस्ट' रचला. युरोपचे मध्ययुग अमेरिकेने कल्पिले, आणि त्या कल्पनेची प्रतिमा जपानने उचलली.

केवळ स्थळ बदलण्याचा सर्वांत विद्वत्तापूर्ण प्रयत्न एका भाषाशास्त्रज्ञाने केला. एम. ए. आर. बार्कर हे मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई अभ्यासाचे प्राध्यापक. क्लॅमथ या अमेरिकन आदिवासी भाषेचे व्याकरण आणि उर्दू व बलुची यांची पाठ्यपुस्तके ही त्यांची शास्त्रीय कामगिरी. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' या त्यांच्या टेबल-खेळातील टेकुमेल हे जग भारत, इजिप्त, मध्य अमेरिका यांच्या संस्कृतींवरून रचलेले असून त्यासाठी त्यांनी त्सोल्यानी ही भाषाही व्याकरणासह सिद्ध केली. (याच बार्कर यांनी टोपणनावाने एक नव-नाझी कादंबरी लिहिली होती, ही गोष्ट त्यांच्या मृत्यूनंतर २०२२ साली त्यांच्याच नावाने चालणाऱ्या कार्याच्या विश्वस्त संस्थेने मान्य केली, परसंस्कृतीचे सखोल ज्ञान आणि मानवाविषयीचा आदर या दोन गोष्टी एकत्र नांदतातच असे नाही.) टेकुमेलमध्ये प्रतिष्ठा, कुल आणि पंथ यांना मोठे महत्त्व आहे, परंतु नियमांचा सांगाडा बव्हंशी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चाच राहिला. एवढे समृद्ध जग संगणक-खेळांच्या मुख्य प्रवाहात कधी उतरले नाही.

याउलट ज्यांनी गणितास हात घातला त्यांचे स्थळ जुने असूनही खेळ नवा ठरला. रिचर्ड गॅरियट याच्या 'अल्टिमा ४' (१९८५) मध्ये मारावयाचा खलनायकच नाही. आठ सद्गुण अंगी बाणवून 'अवतार' होणे हे तेथील साध्य. औषधी विकणाऱ्या आंधळ्या बाईस कमी पैसे दिले तरी तत्काळ काही बिघडत नाही. पण प्रामाणिकपणाचा अंक खेळणाऱ्याच्या नकळत उतरतो. येथे एक अर्थविपर्यय नोंदविण्याजोगा आहे. संस्कृत 'अव-तृ' म्हणजे खाली उतरणे, आणि आपल्याकडे अवतार घेणारा देव वरून खाली येतो. अल्टिमात मात्र माणूस चढत चढत अवतार होतो. शब्द तोच, दिशा उलटी.

जपानमध्ये शिगेसातो इतोई याच्या 'मदर' (१९८९) या खेळाने तलवारीच्या जागी बेसबॉलची बॅट दिली आणि कथा अमेरिकन उपनगरासारख्या परिसरात आणली. एवढ्यावर ती गंमत म्हणूनच राहिली असती. परंतु येथे पैसे राक्षसाच्या प्रेतातून निघत नाहीत. वडील ते बँकेत भरतात. मालिकेतील दुसऱ्या खेळात (१९९४) नायकास घराची ओढ लागते, लढता लढता तो भांबावतो, आणि आईला दूरध्वनी केल्याविना ती ओढ शमत नाही. हा नियम राजवाड्यात किंवा भुयारात सुचला नसता. स्थळ आणि गणित एकमेकांस घडवितात ते असे. अणुयुद्धानंतरच्या कॅलिफोर्नियात घडणाऱ्या 'फॉलआउट' (१९९७) मध्येही ओसाड वाळवंटापेक्षा अधिक मोलाची गोष्ट ही, की अंतिम शत्रूची योजना निष्फळ आहे असे पुराव्यानिशी पटवून त्यास हरविता येते. युक्तिवाद हे तेथे शस्त्र झाले.

इतिहासाच्या अभ्यासकास सर्वांत जवळचे वाटावेत असे खेळ म्हणजे ज्यांनी खरा भूतकाळ घेतला ते. 'डार्कलँड्स' (१९९२) हा पंधराव्या शतकातील जर्मन भूमीवर घडतो. तेथे जादू नाही, संतांची प्रार्थना आणि किमया आहे. म्हणजे त्या काळचे लोक ज्या गोष्टी सत्य मानीत त्या तेथे सत्य ठरतात. झेक संस्थेने काढलेल्या 'किंगडम कम : डिलिव्हरन्स' (२०१८) मध्ये काळ १४०३ आणि प्रदेश बोहेमिया. नायक लोहाराचा मुलगा. त्यास अक्षरओळख नाही. त्याच्या हाती पुस्तक आले, की पडद्यावर अक्षरांची उलटापालट झालेला मजकूर दिसतो. एका लेखनिकाकडे शिकून सराव केल्यावरच शब्द हळूहळू सरळ होत जातात. निरक्षरता ही ग्रंथांत एका वाक्यात सांगून टाकावयाची बाब. येथे ती सुशिक्षित खेळाडूस सोसावी लागते.

या दिशेने सर्वांत पुढचे पाऊल जॉश सॉयर याच्या दिग्दर्शनाखाली झालेल्या 'पेंटिमेंट' (२०२२) या खेळाने टाकले. स्थळ बव्हेरियातील टासिंग हे कल्पित गाव व त्यालगतचा मठ. आरंभ १५१८ मध्ये, आणि कथेचा विस्तार सुमारे २५ वर्षांचा. यात उच्चारित ध्वनी जवळजवळ नाहीत. प्रत्येक पात्राचे बोलणे लिहिले जाताना दिसते, आणि ते कोणत्या वळणाचे हे त्या पात्राच्या शिक्षणावर अवलंबून. मठातील साधूंचे अक्षर पोथीचे, शेतकऱ्यांचे ओबडधोबड, मुद्रकाचे शब्द खिळे जुळवून छापल्यासारखे. एखादा मनुष्य आपण समजलो त्याहून शिकलेला आहे असे नायकाच्या ध्यानात आले, की त्याचे अक्षरवळण बदलते. म्हणजे जे दिसते ते बोलणाऱ्याचे अक्षर नसून ऐकणाऱ्याचा समज असतो. समाजभाषाविज्ञानातील एक अख्खे प्रकरण येथे कोणतीही परिभाषा न वापरता उलगडलेले आहे. काटेकोर वर्गीकरण करणारे या खेळास भूमिका-खेळ म्हणण्यास कचरतात, कारण यात लढाईचे गणित नाही. ही अडचण वर्गीकरणाची आहे, खेळाची नव्हे.

एस्टोनियात उगम पावलेल्या 'डिस्को एलिसियम' (२०१९) ने तर तो वादच निकालात काढला. पराभूत क्रांतीच्या शहरातील एका मद्यपी पोलिस-अधिकाऱ्याची ही कथा. त्याचे २४ गुण मोजले जातात. तर्क, सहानुभूती, अधिकार, नाट्य हे त्यांपैकी काही. आणि हे गुण अंक म्हणून निमूट बसत नाहीत, ते नायकाशी बोलतात, भांडतात, प्रसंगी खोटेही सांगतात. प्राणांकांच्या जोडीला धैर्याचेही अंक आहेत, आणि अपमान जिव्हारी लागून डाव संपू शकतो. प्रकृती तोळामासा असलेल्या नायकास आरंभी खोलीतील दिवा लावणेही भोवते. आर्नेसनचे जहाज येथे अखेर माणूस झाले.

भारतीय कथाविश्वांचा विचार या पार्श्वभूमीवर झाला पाहिजे. १९८७ पासून चालत आलेल्या जपानी 'मेगामी टेन्सेई' मालिकेत शिव, विष्णू आदी देव पूर्वीच येऊन गेले आहेत. पण ते बळाच्या अंकांसह एका मोठ्या यादीत. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी' (२०२०) देखणा आहे. मात्र तो साहसखेळ आहे, भूमिका-खेळ नव्हे, आणि त्याचा कणा असुरांशी युद्ध हाच आहे. पायरोडॅक्टिल संस्थेच्या 'अनरेस्ट' (२०१४) ने प्राचीन भारतातील दुष्काळग्रस्त नगर घेऊन सामान्य माणसांच्या भूमिका दिल्या व संभाषणास मध्यवर्ती स्थान दिले; तो गाजला नाही, पण त्याने धरलेली वाट अधिक मोलाची होती. सह्याद्रीचे किल्ले रंगवून त्यांत तेच प्राणांक आणि तेच अनुभवांक घातले, तर गडावरचा मावळा हा निराळ्या पागोट्यातील तोच भुयारी योद्धा होईल.

मराठी मुलखात निराळे गणित सुचविणारी साधने विपुल आहेत. गोतसभा आणि महजर हे त्यांतील एक. सतराव्या-अठराव्या शतकांत पाटीलकी किंवा कुलकर्ण यासाठी तंटा उभा राहिला, की अग्रवादी आणि पश्चिमवादी यांच्या तकरिरी होत. दोघांकडून राजीनामा घेतला जाई, म्हणजे निवाडा मान्य करण्याची लेखी कबुली. (आज या शब्दाचा अर्थ नेमका सोडून जाण्याचा झाला आहे.) जामीन घेतले जात, साक्षी होत, आणि साक्षींनी न भागले तर दिव्य. निवाड्याच्या महजरावर देशमुख-देशपांडे यांच्यापासून बलुतेदारांपर्यंत सर्वांची साक्ष असे. ज्यांना लिहिता येत नसे त्यांची निशाणी पडे, पाटलाचा नांगर, कारागिरांची आपापली हत्यारे. पेंटिमेंटने अक्षरवळणांतून जे साधले ते येथे कागदावर आयतेच आहे. अशा कथाविश्वात मोजावयाचे ते बळ नव्हे, तर गोतातील पत, कागदपत्रांचा सांभाळ, आणि कोण कोणासाठी साक्षीस उभा राहील याचा अंदाज. वेस्लीच्या ब्राउनस्टाइनमधील नगराध्यक्ष आणि कुलपती यांना हे जग परके वाटले नसते.

अडचणीही आहेत. ही साधने मोडी लिपीत आहेत, त्यांची परिभाषा फारसीमिश्रित आहे, आणि गोतसभेतील स्थान जातीने ठरत असे. खेळाडूने घेतलेली भूमिका कोणती, यावर त्याचा शब्द किती तोलाचा हे खेळापूर्वीच निश्चित होईल. जो रचनाकार ही विषमता सोयीसाठी गाळील त्याच्या हाती पुन्हा पडदाच उरेल. पराभूत पक्षास येजितखत लिहून द्यावे लागे, आणि तो कागद जिंकणाऱ्याच्या घरी जपून ठेवला जाई. तरीही राजवट पालटली की तोच तंटा पुढच्या पिढीने पुन्हा उभा केल्याची उदाहरणे दप्तरांत आढळतात. अशा खेळात हरलेल्या खेळाडूस पुढचा डाव आपल्याच मुलाच्या भूमिकेत मांडावा लागेल, आणि पहिल्याच सभेत बापाने लिहून दिलेले येजितखत त्याच्यापुढे वाचून दाखविले जाईल.