माथेरानचं वाफेचं इंजिन आणि त्याची हलणारी आस

आज पिकाबद्दल काही नाही, लोखंडाबद्दल लिहितोय. आमच्या ओव्यापासून माथेरानचा डोंगर काही फार लांब नाही. त्या डोंगरावर पाऊणशे वर्षं चढलेल्या इंजिनांची ही गोष्ट.

नेरळ-माथेरान रेल्वे बांधली अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी. पैसा वडिलांचा, सर आदमजी पीरभॉय यांचा, सुमारे १६ लाख रुपये. काम १९०४ ला सुरू झालं आणि १९०७ ला गाडी धावली. रूळ दोन फूट रुंदीचे, लांबी साधारण २० किलोमीटर, आणि चढ असा की २० फूट पुढं गेलं की १ फूट वर.

पण खरी अडचण वळणांची होती. शेतात खुंटा ठोका, ६० फुटांचा दोर बांधा आणि ताणून गोल फिरा. जवळपास तेवढ्या तंग वळणातून इंजिनाला जायचं होतं. चढायला ताकद हवी म्हणून सहाही चाकं ओढणारी पाहिजेत. पण तीन आस एका चौकटीत घट्ट बसवल्या, तर वळणावर चाकाची कड रुळाला घासणार, नाहीतर चाक रुळावरून उतरणार.

यावर उतारा होता क्लीन-लिंडनर पद्धतीच्या आसेचा. इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलची, ७३८ ते ७४१ नंबरची चार. त्यांच्या आराखड्यामागं बार्शी लाइट रेल्वेवाले एव्हरार्ड कॅलथ्रॉप होते. पुढची आणि मागची आस पोकळ नळीसारखी, चाकं त्या नळीला. नळीच्या आत दुसरी आस, ती दांड्यांनी फिरते आणि सरळच राहते. दोन्हींचा सांधा मधोमध, गोळ्यावर. त्यामुळं बाहेरची नळी चाकांसकट वळणाला तिरकी होते, आणि जोर मात्र पोचत राहतो. ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट वाकडा असूनही फिरतो ना, त्याच घराण्यातली युक्ती. १९०७ ची!

१९५० च्या दशकात डिझेल आलं, तरी वाफ १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली. नंतर चौघांची पांगापांग झाली. एक नेरळला स्टेशनात उभं आहे, एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात. ७४० नंबरचं इंग्लंडात लेटन बझर्डला गेलं. तिथली छोटी रेल्वे वाळू वाहायला १९१९ ला बांधलेली, रूळ दोन फुटीच, आणि आज ती स्वयंसेवक चालवतात. परदेशी गेलं म्हणून मला वाईट वाटत नाही. मापाचा रूळ आणि हात काळे करणारी माणसं मिळाली, बास.

आपल्याकडं जतन म्हणजे चौथरा आणि रंग. रंग दिसतो, आस दिसत नाही. कोकणच्या पावसात लोखंडाचं काय होतं ते गंजलेल्या नांगराला विचारा. आधी छप्पर, मग ग्रीस, रंग शेवटी. आणि बॉयलरच्या नळ्यांत क्षार बसतात, ठिबकच्या ड्रिपरसारखे. ते काढायची विद्या हाताहातानं येते, फलकावरून नाही. लाइन तरी सोपी कुठं आहे? २६ जुलै २००५ च्या पावसात ती वाहून गेली, २००७ ला सुरू झाली. २०१९ ला पुन्हा खचली, ऑक्टोबर २०२२ ला पुन्हा उभी राहिली. रूळ दोनदा उभा करणाऱ्यांना एक इंजिन धगधगत ठेवणं जड नाही, असं माझं मत.

नेरळला गेलात तर सेल्फी घ्या, पण एकदा वाकून पुढच्या चाकांच्या मधली ती जाड आसही बघा. कुणी जुना फिटर भेटला तर विचारा, ग्रीस कुठून घालायचे.