राखणदार गाढव

शेळ्या-मेंढ्यांचे हिंस्र प्राण्यांपासून रक्षण करण्यासाठी कळपात ठेवलेले गाढव. अमेरिकेतील टेक्सस राज्यात कोयोट (लांडग्यासारखा, पण लहान रानटी प्राणी) व भटक्या कुत्र्यांपासून होणारे नुकसान टाळण्यासाठी लहान शेतकरीही हा उपाय करतात. श्वानवर्गीय प्राण्यांविषयी गाढवाला उपजत वैर असते. कोयोट दिसताच ते कान टवकारून मोठ्याने ओरडते, अंगावर धावून जाते, चावते आणि लाथा झाडते. या गोंगाटाने मालकही सावध होतो.

राखणीसाठी गाढवीण किंवा खच्ची केलेला नर निवडतात. खच्ची न केलेला नर करडां-कोकरांना इजा करू शकतो. एका कळपात एकच गाढव असावे. दोन असली की ती एकमेकांच्या सोबतीत रमतात आणि कळप उघडा पडतो. नव्या गाढवाला काही आठवडे कळपाशेजारी कुंपणाआड ठेवून ओळख करून देतात. मेंढ्या व्यायच्या दिवसांत त्याच्यावर विशेष लक्ष ठेवावे लागते.

कळपासोबत चरत असल्याने त्याचा खाण्याचा वेगळा खर्च थोडा. मात्र शेळ्या-मेंढ्यांच्या किंवा गुरांच्या काही खुराकांत असणारे मोनेन्सिन हे औषध गाढवाला प्राणघातक ठरते. असा खुराक त्याच्या तोंडी लागू न देणे, ही खबरदारी सर्वांत महत्त्वाची. खूर नियमित कापावे लागतात.

प्रत्येक गाढव राखण करतेच असे नाही. काही कळपाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. विस्तीर्ण, झुडपी रानात पांगलेल्या कळपापेक्षा लहान, मोकळ्या कुरणात त्याचा उपयोग अधिक होतो. लांडग्यांच्या टोळीपुढे, अस्वलापुढे किंवा प्यूमासारख्या मोठ्या मार्जारापुढे एकटे गाढव टिकत नाही. ते स्वतःच भक्ष्य ठरते.