वॅप आणि आय-मोड: मोबाईल इंटरनेटचा पहिला धंदा कसा चालायचा?

आज रिचार्ज मारला की दिवसाला एक-दोन जीबी डेटा मिळतो. पण आयफोन येण्याच्या आठ वर्षं आधीही फोनवर इंटरनेट होतं. तेव्हा दोन तंत्रज्ञानं समोरासमोर होती: युरोपात वॅप आणि जपानमध्ये आय-मोड. दोघांचा सुरुवातीचा वेग जवळपास सारखाच, म्हणजे ९.६ केबीपीएस. या वेगाने २ एमबीचा एक फोटो डाउनलोड करायला साधारण २८ मिनिटं लागली असती! तरीही एकाचं हसं झालं आणि दुसरं कोट्यवधी लोकांनी वापरलं. असं का झालं, ते पाहूया.

वॅप म्हणजे काय?

वॅप म्हणजे वायरलेस ॲप्लिकेशन प्रोटोकॉल. १९९७ मध्ये एरिक्सन, मोटोरोला, नोकिया आणि अनवायर्ड प्लॅनेट या कंपन्यांनी मिळून वॅप फोरम सुरू केला. १९९९ मध्ये आलेला नोकिया ७११० हा वॅप ब्राउझर असलेल्या पहिल्या फोनपैकी एक. त्याची स्क्रीन होती फक्त ९६ बाय ६५ पिक्सेलची, तीही एकरंगी.

एवढ्याशा स्क्रीनवर नेहमीची वेबसाईट मावणं शक्यच नव्हतं. म्हणून वॅपसाठी डब्ल्यूएमएल नावाची वेगळी भाषा तयार केली गेली. फोन आणि वेबसाईटचा सर्व्हर यांच्यामध्ये वॅप गेटवे बसायचा. तो पानाचं छोट्या बायनरी स्वरूपात रूपांतर करून फोनला पाठवायचा.

अडचण कुठे आली?

१. बिल मिनिटावर: सुरुवातीला वॅप बहुतेक ठिकाणी साध्या कॉलसारखं चालायचं. फोन नंबर डायल करणार, लाईन जोडली जाणार आणि मीटर सुरू. तुम्ही बातमी वाचत असाल तेव्हा एकही बाइट येत नसला, तरी पैसे कापले जायचे. म्हणूनच लोक वॅपला गमतीने ‘वेट अँड पे’, म्हणजे थांबा आणि पैसे भरा, म्हणू लागले.

२. वेगळी भाषा: एचटीएमएल येणाऱ्या डेव्हलपरलाही डब्ल्यूएमएल नव्याने शिकावी लागायची. त्यामुळे साईट्स कमी.

३. सुरक्षेतली फट: फोन ते गेटवे एक एन्क्रिप्शन आणि गेटवे ते बँक दुसरं. मध्ये गेटवेवर माहिती क्षणभर उघडी पडायची. मोबाईल बँकिंगसाठी ही मोठीच डोकेदुखी होती.

आय-मोडने काय वेगळं केलं?

जपानच्या एनटीटी डोकोमो कंपनीने २२ फेब्रुवारी १९९९ ला आय-मोड सुरू केलं. इथे कनेक्शन पॅकेटवर चालायचं. म्हणजे लाईन अडवून ठेवायची गरज नाही; जेवढा डेटा जाईल-येईल तेवढेच पैसे. १२८ बाइटच्या एका पॅकेटला ०.३ येन. ५०० बाइटचा ईमेल म्हणजे चार पॅकेट, खर्च १.२ येन. वाचायला कितीही वेळ लावा, मीटर थांबलेलं.

साईट्ससाठी एचटीएमएलचंच छोटं रूप, सी-एचटीएमएल, वापरलं. ज्याला वेबसाईट बनवता येते, त्याला आय-मोडची साईटही जमायची.

पण खरी गंमत धंद्याच्या गणितात होती. अधिकृत साईट ग्राहकाकडून महिन्याला छोटी फी घेऊ शकायची. ती फी फोनच्या बिलातच लागायची, त्यामुळे क्रेडिट कार्डची भानगड नाही. डोकोमो त्यातले फक्त ९ टक्के ठेवायची, उरलेले ९१ टक्के साईटवाल्याला. मग बँकिंग, तिकिटं, बातम्या, गेम, रिंगटोन, कार्टून अशा सेवांची रांगच लागली. ऑगस्ट २००० पर्यंत, म्हणजे दीड वर्षात, आय-मोडचे १ कोटी ग्राहक झाले. शिगेताका कुरिता यांनी काढलेले १७६ छोटे इमोजीही आय-मोडसाठीच होते.

अर्थात, डोकोमोला एक फायदा होता. फोनमध्ये काय हवं, हे ती फोन कंपन्यांना सांगू शकायची. २००२ पासून आय-मोड युरोपात गेलं, पण तिथे हे सगळं जुळून आलं नाही आणि जपानसारखं यश मिळालं नाही.

भारतात काय झालं?

आपल्याकडे वॅप लोकांच्या हातात आलं ते मुख्यतः जीपीआरएससोबत. ‘सेटिंग’चा मेसेज मागवायचा, सेव्ह करायचा आणि मग नेट चालायचं. कमाई व्हायची रिंगटोन, वॉलपेपर आणि कॉलर ट्यूनवर, पण त्यातला मोठा वाटा मोबाईल कंपनीच ठेवायची. बनवणाऱ्याच्या हाती थोडंच उरायचं. त्यात न मागता सुरू झालेल्या सेवांनी बॅलन्स कापला जाण्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की २०१३ मध्ये ट्रायने अशी सेवा सुरू करण्याआधी ग्राहकाची दोनदा संमती घेणं बंधनकारक केलं.

आज याचं काय?

२००२ मध्ये वॅप २.० आलं आणि तेही नेहमीच्या वेबच्या जवळ सरकलं. पुढे स्मार्टफोनने पूर्ण ब्राउझर खिशात आणला. आय-मोड बंद करण्यासाठी डोकोमोने ३१ मार्च २०२६ ही तारीख जाहीर केली.

प्रश्न मात्र तोच राहिला: मधल्या कंपनीने किती घ्यायचं? २००८ मध्ये ॲपल ॲप स्टोअर सुरू झालं तेव्हा ॲपलचा वाटा ३० टक्के होता, डोकोमोच्या तिप्पटीहून जास्त. त्यावरचे वाद अजून सुरू आहेत. तुम्ही उद्या ॲप बनवणार असाल, तर कोडिंगइतकंच हे गणितही आधी मांडून बघा. शंभर रुपयांतले तुमच्या हातात किती येणार, आणि ते कधी?