व्यापाऱ्याची जागा आणि व्यापाऱ्याची शिफारस

निवडणूक आली की व्यापारी मंडळानं अमुक उमेदवाराला मत द्या, मालमत्तेच्या हक्काला धक्का लावणारा तमुक ठराव पाडा असं जाहीर सांगावं का, या प्रश्नावर आपल्याकडे पटकन नाकं मुरडली जातात. पैशाच्या जोरावर मतं फिरवायची, एवढाच त्याचा अर्थ लावला जातो. पण पिशोर-कन्नडसह सगळा मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, तिथला इतिहास वेगळं सुचवतो. व्यापाऱ्यानं लोकांना पटवून मत मागणं धोक्याचं नाही. पटवायची गरजच नसलेली जागा त्याच्या पदरात टाकणं जास्त धोक्याचं.

१९३७ साली निजाम सरकारनं अरवमुदु अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिच्या शिफारशींवरून जुलै १९३९मध्ये राजकीय सुधारणा जाहीर केल्या. ८५ जणांच्या विधिमंडळात ४२ निवडून यायचे, तेही गावागावांतून नव्हे तर धंद्याधंद्यांतून: जहागीरदार, शेतकरी, व्यापारी, पेढीवाले, वकील, वैद्य. कागदावर हे फार समंजस दिसतं. प्रत्यक्षात व्यापाऱ्यानं व्यापाऱ्याला निवडायचं आणि जहागीरदारानं जहागीरदाराला; एकाला दुसऱ्याच्या दारी जायची गरज नाही. मुंबईत हा प्रकार आधीच रुजला होता. १८८८च्या कायद्यानं तिथल्या महापालिकेच्या ७२ जागांपैकी दोन बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्सला दिल्या होत्या. पण मुंबईत निम्म्या जागा करदात्यांच्या तरी होत्या. हैदराबादेत योजना युद्धामुळे रेंगाळली, १९४६ला निवडणूक झाली तेव्हा स्टेट काँग्रेसनं बहिष्कार घातला, आणि दोन वर्षांत संस्थानच उरलं नाही.

परिणाम असा की मालमत्तेचे सर्वांत मोठे निर्णय मतदाराला न विचारता झाले. ऑगस्ट १९४९मध्ये जहागिरी गेल्या. १९५०च्या कूळकायद्यानं संरक्षित कुळाला जमिनीवर पक्का हक्क दिला. दोन्ही वेळी लोकनियुक्त विधानसभा अस्तित्वात नव्हती. हे निर्णय चुकीचे होते असं मुळीच नाही. १९२९-३०च्या सुमारास केशव अय्यंगार यांनी संस्थानची आर्थिक पाहणी केली, त्यात औरंगाबाद जिल्हाही होता. कर्जापायी जमीन कसणाऱ्याच्या हातून सुटते, हे दुखणं तेव्हाही ठाऊक होतं. पण इथं एक गोष्ट नजरेआड होते: कुळाला मिळालेला हक्क हाही मालमत्तेचाच हक्क. सातबाऱ्यावर नाव लागलेला नवा मालक आणि त्याला कर्ज देणारा दुकानदार, दोघंही त्याच हक्काच्या दोन बाजूंना उभे होते. राखून ठेवलेल्या जागेवरून निवडून येणाऱ्या व्यापाऱ्याला हे कधी बोलून दाखवावं लागलं नसतं.

पुढं १९५९ला राजाजी आणि मिनू मसानी यांच्या स्वतंत्र पक्षानं सहकारी शेतीच्या, काँग्रेसच्या नागपूर ठरावाविरुद्ध मालमत्तेच्या हक्काचा झेंडा उभारला. महाराष्ट्रात त्या पक्षाचे पाय रोवले गेले नाहीत. माझ्या मते मुख्य कारण हे की त्याची बाजू शहरी पेढ्यांची वाटली. कूळकायद्यानं मालक झालेल्याला ती आपली वाटलीच नाही. तोच मुद्दा शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी शेतकऱ्याच्या तोंडून मांडला आणि लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत बायकोच्या नावावर जमीन करायला सांगितलं, तेव्हा गावांनी तो ऐकला. म्हणजे शिफारस कोणाची आणि कोणासाठी, हे लोक नीट ओळखतात. १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीनं मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला, त्याविरुद्ध मात्र फारसं कुणी रस्त्यावर आलं नाही.

यावर आक्षेप येईल की व्यापारी मोजके. जागा राखून ठेवली नाही तर त्यांचं ऐकणार कोण? बाजार समितीपुरतं हे खरं आहे. १९६३च्या कायद्यात शेतकऱ्यांचे १५, व्यापारी-अडत्यांचे दोन आणि हमाल-मापाड्यांचा एक प्रतिनिधी असा मेळ घातला आहे. मक्याच्या ढिगाभोवती सौदा होतो, तोलाई कापली जाते, पट्टी हातात पडते. तिथं अडत्याचा रोजचा संबंध आहे, म्हणून दोन जागा रास्त. शिवाय पूर्वी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, तो उघड बोलीवर आणण्यासाठीच तर हैदराबादेत १९३०पासून बाजाराचे कायदे आले. मात्र जमीन कोणाची, गावात कर किती, रस्ता कुठून जायचा हे प्रश्न बाजाराच्या आवाराबाहेरचे. त्यात दोन खुर्च्यांची हमी मागण्यापेक्षा मंडळानं नाव आणि कारण घेऊन लोकांपुढं यावं. दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो जड आहे. पण पैसा गुपचूपही वाहतोच. जाहीर पत्रकावर सही असली की कोणाचा कोणता प्लॉट त्या ठरावात अडकलाय, हे विचारायला मतदार मोकळा असतो.