सेल्फीत नाक मोठे का दिसते?

सेल्फीत नाक मोठे दिसते, यात दोष नाकाचा नाही, अंतराचा आहे. साधारण १२ इंचांवर धरलेल्या फोनला नाक कानांपेक्षा बरेच जवळ असते आणि जवळची वस्तू मोठी दिसते. अमेरिकेतील डॉक्टरांनी २०१८ मध्ये मांडलेल्या गणितानुसार, ५ फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा अशा सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसते.

किशोरवयीन मुली रोज हाच चेहरा पाहतात. मग ब्युटी फिल्टर नाक बारीक करतो, त्वचा गुळगुळीत करतो, अनेकदा रंगही उजळवतो. म्हणजे चूक कॅमेऱ्याची आणि दुरुस्ती मुलीच्या चेहऱ्याची! फेसबुकच्या अंतर्गत पाहणीची माहिती २०२१ मध्ये बाहेर फुटली. शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढते, असे त्यात ३२ टक्के मुलींनी सांगितले होते.

नॉर्वेत जुलै २०२२ पासून शरीराचा आकार किंवा त्वचा बदललेल्या जाहिरातींवर तशी खूण करावी लागते. पैसे घेऊन पोस्ट टाकणारे इन्फ्लुएन्सरही त्यात आले. मैत्रिणीने फिल्टर लावून टाकलेल्या फोटोवर मात्र अशी खूण नसते.

फोन कुठेतरी टेकवून, टायमर लावून ५ फुटांवरून फोटो काढला तर नाक बरेचसे आहे तसे दिसते.